ग्रामसभेत पाण्याचा विषय मांडण्याआधी

१ मेची ग्रामसभा येईपर्यंत आपल्याकडच्या विहिरींनी तळ गाठलेला असतो. पाण्यावरून आवाज चढतात, कुणीतरी गढूळ पाण्याची बाटली नाचवतो आणि शेवटी ‘टीसीएल टाकतोय की आपण’ (टीसीएल म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर) एवढ्यावर विषय मिटतो. तो तसा मिटू द्यायचा नसेल तर आठवडाभर आधी तयारीला लागा.

आधी तक्रारींचे दोन ढीग करा. एका ढिगात जंतूंच्या: जुलाब, कावीळ, नालीतून गेलेला फुटका पाइप. दुसऱ्यात पाण्यात विरघळून बसलेल्या गोष्टींच्या: क्षार, नायट्रेट, फ्लोराइड. टीसीएल पावडर फक्त पहिल्या ढिगावर चालते. दुसऱ्या ढिगावर ती पोतंभर ओतली तरी काही होत नाही. पाणी उकळूनही तिथं उपयोग नाही. वाफ निघून जाते आणि उरलेल्या पाण्यात क्षार उलट दाट होतात. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतूंचा भरवसा देता येत नाही. सभेतले निम्मे वाद हे दोन ढीग एकत्र कालवल्यामुळे होतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग ग्रामपंचायतीत जाऊन पाणी तपासणीचे शेवटचे अहवाल मागा, रासायनिक वेगळा आणि जैविक वेगळा. आकडे वाचायला डॉक्टर लागत नाही. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. फ्लोराइड १ पर्यंत चांगलं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. एकूण क्षार ५०० पर्यंत ठीक, पर्याय नसेल तर २००० ही शेवटची हद्द. ई-कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारे जंतू, १०० मिलिलिटरमध्ये एकही सापडता कामा नये. नांदेडकडे किनवटच्या बाजूला राहत असाल तर फ्लोराइडची ओळ आधी बघा. बाकी मराठवाड्याच्या काळ्या पाषाणात उथळ विहिरींना जास्त धोका नायट्रेटचा: उकिरडा, शेणखताचा खड्डा, शौचालयाचा शोषखड्डा आणि शेतातला युरिया. बाटलीनं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळासाठी हे पाणी फार वाईट, त्यामुळे अंगणवाडी ताईंना या मुद्द्यावर सोबत घ्या.

आकड्यांइतकंच अहवालावरचं स्रोताचं नाव आणि तारीख बघायची. मार्च-एप्रिलमध्ये आपल्या गावांचं पाणी बदलतं. नळयोजनेची विहीर आटते, कुणाच्या तरी शेतातला बोअर अधिग्रहित होतो, नाहीतर टँकर येतो. अहवाल मात्र जुन्या विहिरीचाच फायलीत पडून असतो. म्हणून पहिला प्रश्न हाच लिहून ठेवा: आज आम्ही जे पाणी पितोय, ते कुठलं आणि त्याची तपासणी कधी झाली? टँकर कुठं भरतो आणि त्यात क्लोरीन कोण मिसळतं, हेही त्याच कागदावर.

आता हिशेब. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि येईल त्याला ७८५ नं गुणा. लिटर हाती येतात. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी असेल तर ३७,६८० लिटर. स्वच्छ पाण्याला चांगल्या पावडरीचे हजार लिटरमागे साधारण अडीच ग्रॅम धरले तर या विहिरीला ९४ ग्रॅम झाले. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पण ‘चांगली पावडर’ हीच खरी गोम आहे. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. तोंड उघडं राहिलेल्या, ओल लागलेल्या पोत्यात ते उडून जातं. २० टक्क्यांच्या खाली आलेली पावडर म्हणजे नुसता चुना. पोत्यावरची तारीख बघून या, जमलं तर फोटो काढा आणि पावडरीचाही नमुना प्रयोगशाळेत गेला होता का, ते विचारा. पावडर थेट विहिरीत फेकत असतील तर तेही टिपा. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरची निवळी ओतायची असते आणि त्यानंतर निदान अर्धा तास थांबायचं असतं.

या सगळ्याची परीक्षा शेवटच्या नळावर होते. पाणी सुटेल त्या सकाळी जलसुरक्षकाला (गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्याला) ओटी टेस्टची, म्हणजे पाण्यात उरलेलं क्लोरीन दाखवणाऱ्या औषधाची, बाटली घेऊन वस्तीच्या टोकाच्या घरी बोलवा, टाकीजवळच्या नाही. थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला तर क्लोरीन तिथवर पोचलंय. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. तपासलेलं पाणी फेकून द्या, ते औषध पोटात जाण्याचं नाही. ज्या महिलांना जलजीवन मिशनमध्ये तपासणी किटचं प्रशिक्षण मिळालंय, त्यांनाही गाठा. किट बहुतेक कपाटात बंद असतं.

जारवाल्यांचं काय? गार पाणी शुद्ध असतं हा समज आपल्याकडे फार पक्का झालाय. जारचाही तपासणी अहवाल मागता येतो, आणि त्या प्लँटमधून बाहेर टाकलेलं खारट पाणी कुठं सोडतात, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे.

हे प्रश्न लेखी करून सभेआधी ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते. घागर ज्यांच्या डोक्यावर, त्यांनी तिथंच हा विषय घ्यावा. सभेत उत्तर तोंडी मिळालं तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा: काय करणार, कोण करणार, कोणत्या तारखेपर्यंत. पहिल्या दमदार पावसानंतर घाण वाहून येते, तेव्हा त्याच स्रोताचा आणि त्याच शेवटच्या नळाचा नमुना पुन्हा द्यायचा आहे. जैविक तपासणीची निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी लागते आणि नमुना बर्फात ठेवून लवकरात लवकर पोचवावा लागतो, तेव्हा ती बाटली कोण आणणार आणि गाडी कुणाची, हे नाव घेऊन ठरावात घाला.