टेस्टरचे आठ दिवे लागले म्हणून केबल बरोबर नसते: कंप्युटर नेटवर्क्स शिकताना या चुका टाळा

ओरलला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. १९२.१६८.१०.७०, स्लॅश २६. हे मशीन कुठल्या नेटवर्कमध्ये आहे? कागद देतो, पेन देतो, पाच मिनिटं देतो. नेटवर्कच्या कामाचे थर मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात लेयर खालून वर आणि वरून खाली धडाधड म्हणणारी मुलं इथे अडतात. काही जण '१९२.१६८.१०.०' सांगून मोकळे होतात, कारण शेवटी शून्य आलं की ते नेटवर्क, असं डोक्यात पक्कं बसलेलं असतं. काही जण प्रामाणिकपणे म्हणतात, "सर, सबनेटचं टेबल आठवत नाही."

टेबल लागतच नाही. बारा वर्षं या विषयाचं प्रॅक्टिकल घेताना मी हे प्रत्येक बॅचला सांगत आलोय. २६ म्हणजे डावीकडचे २६ बिट नेटवर्कचे. पहिल्या तीन आकड्यांत २४ संपले, चौथ्यातले दोन उरले. नेटवर्कच्या बिटांच्या जागी १ आणि बाकी ठिकाणी ० लिहिलं की मास्क तयार होतो, म्हणून मास्कचा शेवटचा आकडा ११००००००, म्हणजे १९२. सत्तरचे बिट ०१०००११०. दोन्हीचं अँड करा, म्हणजे दोन्हीकडे १ असेल तिथेच १ लिहा: ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क १९२.१६८.१०.६४, ब्रॉडकास्ट १२७ वर, मधले ६५ ते १२६ हे ६२ पत्ते मशीनना. चार ओळींचं काम आहे. मशीन स्वतःसुद्धा प्रत्येक पॅकेट बाहेर टाकण्याआधी हेच करतं: समोरचा पत्ता आपल्याच नेटवर्कमधला की बाहेरचा, हे मास्क लावून ठरवतं. पाठ केलेलं टेबल परीक्षेच्या ताणात विसरतं. बिट मांडायची सवय हाताला लागली की ती जात नाही.

याच चुकीचं मोठं भावंड म्हणजे वेगवेगळ्या आकाराची सबनेट, म्हणजे नेटवर्कचे तुकडे, पाडणं. समजा एका विभागाला ५० मशीन, दुसऱ्याला २५, तिसऱ्याला १० आणि दोन राउटरमधल्या लिंकला २ पत्ते हवेत. मुलं 'सोपं आधी उरकू' म्हणून लिंकपासून सुरू करतात. तिला १९२.१६८.१०.०/३० दिलं, शून्य ते तीन पत्ते संपले, मग ५० मशीनवाल्या विभागाला लिहिलं १९२.१६८.१०.४/२६. पण २६ च्या सबनेटची सुरुवात चारवर होऊच शकत नाही. ती ०, ६४, १२८ किंवा १९२ वरच होते. चारला मास्क लावा, उत्तर शून्य येतं, म्हणजे हा विभाग लिंकच्या अंगावर जाऊन बसला. पॅकेट ट्रेसर या नेटवर्क सिम्युलेटरमधला राउटर पत्ते एकमेकांवर येतात असं स्पष्ट सांगतो. तो मेसेज कोणी वाचत नाही. मेसेज जाईपर्यंत मास्क बदलत राहतात, आणि गेला की 'चाललं' म्हणून जर्नलमध्ये स्क्रीनशॉट चिकटवतात. त्या मास्कमध्ये ५० मशीन मावतात का, हे नंतर कोणी पाहत नाही.

माझी पद्धत शाळकरी वाटेल, पण मी आजही तशीच करतो. आलेख वहीच्या कागदावर २५६ घरांची पट्टी आखायची आणि सगळ्यात मोठ्या विभागापासून रंगवत जायचं. ५० ला /२६, शून्यापासून. २५ ला /२७, चौसष्टपासून. १० ला /२८, शहाण्णवपासून. लिंकला /३०, एकशे बारापासून. कोण कोणावर चढतंय ते डोळ्यांना दिसतं. ऑनलाइन कॅल्क्युलेटर उत्तर पडताळायला जरूर वापरा. उत्तर काढायला वापरलात तर पुढच्या वेळी कागदावर तुम्ही तिथेच अडाल.

आता केबलबद्दल, कारण या विषयातली सगळ्यात शिकवणारी चूक मी तिथे पाहिली.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दोन विद्यार्थ्यांनी लॅबच्या रॅकपासून शेजारच्या खोलीतल्या टेबलापर्यंत सुमारे ३५ मीटरची केबल ओढली, दोन्ही टोकांना कनेक्टर क्रिंप केले, म्हणजे दाबून बसवले. केबल टेस्टर लावला. एक ते आठ, सगळे दिवे ओळीने लागले. जर्नलमध्ये 'केबल यशस्वीरीत्या तपासली' असं लिहिलं आणि मी सही केली. पुढच्या आठवड्यात त्याच केबलवरून एका मशीनवरून दुसऱ्यावर फाइल पाठवायचं प्रॅक्टिकल होतं. लिंकचा दिवा लागायचा, पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का ते बघणारा छोटा संदेश) बहुतेक वेळा जायचं, एखादं छोटं पान उघडायचं. मोठी फाइल टाकली की वेग कोसळायचा, मध्येच थांबायचा. दोन प्रॅक्टिकल यात गेली. मुलांनी आयपी बदलले, ड्रायव्हर परत टाकले, स्विचचं पोर्ट बदललं, शेवटी विंडोज नव्याने टाकायची तयारी केली. मीही आयपी आणि मास्कच तपासत बसलो होतो. मग एका मुलीने स्विचवरचे एररचे आकडे उघडले. खराब फ्रेमचा (वायरवरून जाणाऱ्या डेटाच्या तुकड्यांचा) आकडा डोळ्यांदेखत वाढत होता. आयपीचा घोळ असता तर फ्रेम खराब झाल्या नसत्या. बिघाड वायरमध्येच होता.

कनेक्टर काढून उजेडात धरला. रंग असे होते: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोडीला जोडी, दिसायला नीटनेटकं, दोन्ही टोकांना हुबेहूब सारखं. आणि नेमकं तेच चुकलेलं. १०० एमबीपीएसच्या इथरनेटमध्ये एका दिशेचा सिग्नल पिन १ आणि २ वरून जातो, उलट दिशेचा पिन ३ आणि ६ वरून. म्हणजे ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या वायर हव्यात. या केबलमध्ये ३ वर हिरव्या जोडीची वायर होती आणि ६ वर निळ्या जोडीची. टेस्टर फक्त ही वायर इथून तिथे पोचते का एवढंच बघतो. कोणती वायर कोणाबरोबर पिळली आहे, ते त्याला कळत नाही.

'ट्विस्टेड पेअरमध्ये वायर का पिळतात?' हा दोन मार्कांचा प्रश्न आहे. 'नॉइज कमी करण्यासाठी' असं सगळे लिहितात, मार्कही मिळतात. त्या दिवशी त्या उत्तराचा अर्थ हातात आला. दोन वायर एकमेकींभोवती पिळलेल्या असल्या की बाहेरचा नॉइज दोन्हींवर जवळपास सारखाच पडतो. पलीकडचं सर्किट दोन्हींतला फरक तेवढा मोजतं, म्हणून सारखा पडलेला नॉइज वजा होऊन जातो. सिग्नलच्या दोन वायर दोन वेगळ्या पिळांत गेल्या की ही वजाबाकी बिघडते आणि शेजारच्या जोडीतला सिग्नलही आत झिरपतो. मीटरभर केबलमध्ये हा दोष कदाचित जाणवलाही नसता, ३५ मीटरला तो उघडा पडला. बरोबर क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन्ही बाजूंना बसते, ती याचसाठी. आणि टोकाशी पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. क्रिंप करायला सोपं जातं म्हणून मुलं दोन-दोन इंच मोकळं करतात.

तेव्हापासून टेस्टरच्या दिव्यांवर मी सही करत नाही. कनेक्टरमधून रंग वाचून दाखवायला लावतो, मग त्या केबलवरून एक जीबीची फाइल पाठवायला लावतो.

दुसरा घोळ वेगाचा. "सर, एक जीबीपीएसचा प्लॅन घेतला की पिंगचा वेळ शून्यावर येईल ना?" दर वर्षी कोणीतरी विचारतंच, आणि पेपरात ट्रान्समिशन डिले आणि प्रोपगेशन डिले यांची व्याख्या अचूक लिहिणारी मुलंही हे विचारतात. आळंदीची पालखी पुण्याहून दिवे घाटाने सासवडला जाते ती आठवा. रस्त्याच्या कडेला उभं राहिलात तर एक अख्खी दिंडी तुमच्या समोरून पुढे सरकायला जो वेळ लागतो, तो ट्रान्समिशन डिले. त्या दिंडीतला एक वारकरी पुण्याहून सासवडला पोचायला जो वेळ लागतो, तो प्रोपगेशन डिले. रस्ता रुंद केलात तर दिंडी समोरून लवकर सरकेल, पण वारकऱ्याचं पाऊल त्याच गतीने पडणार.

आता आकडे घाला. १,५०० बाइटचं पॅकेट म्हणजे १२,००० बिट. १ एमबीपीएसवर ते वायरवर चढवायला १२ मिलिसेकंद लागतात, १०० एमबीपीएसवर ०.१२. पण फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते मुंबई १५० किलोमीटर धरले तर एका दिशेला ०.७५ मिलिसेकंद, प्लॅन कुठलाही असो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत सुमारे १२,५०० किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद, आणि समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत. जादा पैसे भरून हे १२५ कमी होत नाहीत. उदाहरण सोडवताना आधी दोन्ही डिले वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहा. बिट आणि बाइटची गल्लत तिथेच पकडली जाते. ४० एमबीपीएसवर सेकंदाला ५ मेगाबाइट उतरतात, ४० नाही.

एकक न लिहिण्याची सर्वांत महाग किंमत शॅननच्या सूत्रात, म्हणजे लाइनवरून जास्तीत जास्त किती डेटा जाईल ते सांगणाऱ्या सूत्रात, मोजावी लागते. बँडविड्थ ३,००० हर्ट्झ, सिग्नल-टू-नॉइज ३० डेसिबल, कपॅसिटी काढा. निम्मा वर्ग सूत्रात थेट ३० घालतो आणि उत्तर येतं १५ केबीपीएसच्या आसपास. डेसिबल आधी साध्या गुणोत्तरात आणायचे असतात: ३० डेसिबल म्हणजे १,००० पट. मग ३,००० गुणिले १,००१ चा पाया २ चा लॉग, म्हणजे जवळजवळ ३० केबीपीएस. उत्तर बरोबर निम्म्यावर येतं आणि दिसायला शक्यच वाटतं, म्हणून चूक कळतही नाही.

सॉकेट प्रोग्रॅमिंगमधली (नेटवर्कवरून बोलणारे प्रोग्रॅम लिहिण्यातली) एक चूक मला विशेष सांगायची आहे, कारण ती चूक असूनही प्रोग्रॅम चालतो. सीमध्ये पोर्ट नंबर देताना एचटॉन्स हे फंक्शन वापरायचं असतं. ते बाइटचा क्रम नेटवर्कच्या क्रमात बदलून देतं. एका जोडीने सर्व्हरमध्येही ते विसरलं आणि क्लायंटमध्येही. पोर्ट ५०००, दोघांचं छान जुळलं, मेसेज गेले-आले. शेजारच्या मुलाने पायथॉनमध्ये क्लायंट लिहून त्यांच्या सर्व्हरच्या ५००० ला जोडायचा प्रयत्न केला तर कनेक्शन नाकारलं गेलं. तास संपेपर्यंत दोष पायथॉनवर. उघडी पोर्ट दाखवणारी नेटस्टॅट ही कमांड चालवल्यावर दिसलं की सर्व्हर ३४८३५ वर ऐकत बसला आहे. ५००० हेक्साडेसिमलमध्ये १३८८, दोन बाइट उलटे झाले की ८८१३, आणि तेच ३४८३५. सर्व्हर सुरू केला की आधी नेटस्टॅटमध्ये पोर्ट बघायचं, मग क्लायंटला हात लावायचा. आपला क्लायंट आपल्याच सर्व्हरशी बोलला, तर फार काही सिद्ध होत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सीआरसीमध्ये, म्हणजे डेटातली चूक पकडायच्या भागाकारात, जनरेटर १०११ असेल तर शून्यं तीन जोडायची, चार नाही. आणि ती वजाबाकी एक्सऑरने होते, हातचा घ्यायचा नसतो.

हरवलेल्या फ्रेम परत पाठवायच्या दोन पद्धतींत, सिक्वेन्स नंबर ३ बिटचा असेल तर गो-बॅक-एनमध्ये विंडो (पोचपावतीविना पाठवता येणाऱ्या फ्रेम) ७, सिलेक्टिव्ह रिपीटमध्ये ४. हे आकडे पाठ करू नका. विंडो ८ ठेवून सगळ्या पोचपावत्या हरवल्या असं कागदावर काढा. समोरच्याला जुनी फ्रेम नवी वाटते, ते तिथे दिसेल.

पॅकेट ट्रेसरमध्ये राउटरचं पोर्ट लाल दिसतंय? बहुधा ते सुरू करणारी नो शटडाउन ही कमांड दिलेली नाही.

पहिलं पिंग वाया गेलं म्हणून घाबरू नका, आयपीवरून मॅक पत्ता शोधणाऱ्या एआरपीचं उत्तर यायला वेळ गेला. दुसऱ्यांदा द्या.

विंडोजच्या मशीनला पिंग जात नाही याचा अर्थ नेटवर्क बंद आहे असा नाही. त्याची फायरवॉल बाहेरून आलेल्या पिंगला सहसा उत्तरच देऊ देत नाही.

इंटरनेट ओएसआयच्या सात लेयरवर उभारलं असं लिहू नका. आर्पानेट १ जानेवारी १९८३ ला टीसीपी/आयपीवर आलं आणि ओएसआयचं मॉडेल मानक म्हणून १९८४ ला प्रसिद्ध झालं.

मित्राची पॅकेट ट्रेसरची फाइल घेऊन नाव बदलून सबमिट करणाऱ्यांना मी एकच काम देतो: एक केबल काढून टाकतो आणि नेटवर्क परत सुरू करायला सांगतो. ज्यांनी स्वतः जोडलंय ते दोन मिनिटांत करतात.

परीक्षेच्या आदल्या रात्री दीडपट वेगाने अख्खा विषय दाखवणाऱ्या व्हिडिओंबद्दल मला राग आहे, आणि तो मी लपवत नाही. त्यात सांगितलेलं चुकीचं असतं असं नाही. पण बघणाऱ्याला आपल्याला समजलं असं वाटतं, आणि केटी लागल्यावर, म्हणजे विषय राहिल्यावर, तीच मुलं 'विषय अवघड आहे' म्हणतात. हा विषय अवघड नाही. रोज तुमच्या खोलीतून हजारो पॅकेट जात-येत असतात. ती न बघता त्यांच्या आकृत्या पाठ करणं अवघड जातं.

म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात जाणारी-येणारी पॅकेट दाखवणारं वायरशार्क टाकून घ्या आणि स्वतःच्या मशीनवर एवढं करा. कॅप्चर सुरू करून आधी तुमच्या गेटवेला, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरला, पिंग द्या. जाणारं पॅकेट उघडा, त्यातला डेस्टिनेशन आयपी आणि डेस्टिनेशन मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता) वहीत उतरवा. मग ८.८.८.८ ला पिंग द्या आणि तीच दोन घरं परत बघा. आयपी बदललेला असेल. मॅक मात्र पहिल्या वेळचाच असेल, तुमच्या गेटवेचा.