उन्हाळ्यात समुद्रावर गळ कसा टाकावा

माझे पहिले दोन उन्हाळे फुकट गेले. सकाळी आरामात उठायचं, दहाच्या सुमारास किनाऱ्यावर पोचायचं आणि ऊन डोक्यावर येईपर्यंत काठी धरून उभं राहायचं. काठी चांगली होती, कोळंबी ताजी होती, पण चार-चार तासांत एकदाही काठीचं टोक वाकायचं नाही. मग मी गळ बदलायचो, आमिष बदलायचो, जागा बदलायचो. घरातून निघायची वेळ बदलावी, हे मात्र फार उशिरा सुचलं.

त्यामागचं कारण सरळ आहे. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्राच्या साधारण खारट पाण्यात २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ७.४ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना तो ६.२ मिलिग्रॅमपर्यंत उतरतो. मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाणी तापलं की त्याच्या शरीराची गतीही वाढते आणि त्याला प्राणवायू जास्त लागतो. गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. अशा वेळी मासा उथळ, साचलेल्या पाण्यात धावाधाव करत नाही. सावलीत, खोल भागात किंवा वाहत्या पाण्यात तो पडून राहतो आणि पाणी जरा निवलं की खायला बाहेर पडतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: वेळ जुळवा

दिवसातलं सगळ्यात गार पाणी पहाटे मिळतं. उजाडायच्या आधी तासभर ते ऊन वर येईपर्यंतचा वेळ उत्तम. शिवाय त्या वेळी वारा पडलेला असतो किंवा जमिनीकडून हलका वाहत असतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो, लाटा वाढतात आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कमानीसारखा फुगतो, त्यामुळे माशाने तोंड लावलेलं हाताला कळतच नाही.

पण नुसती पहाट पुरत नाही, पाणीही चालतं हवं. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं. मधल्या सहा तासांच्या ओहोटीत पाणी एका गतीने उतरत नाही. पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक असेल, तर पहिल्या तासाला जेमतेम पाव मीटर पाणी उतरतं आणि तिसऱ्या तासाला पाऊण मीटर. हा मधला जोर पहाटेच्या वेळेत बसला की मासा हमखास हलतो. हमखास गळाला लागतो असं मी म्हणत नाही.

भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणून एखाद्या दिवशी पहाट आणि ओहोटी मनासारखी जुळली, तर तीच जुळणी साधारण पंधरा दिवसांनी परत येते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाचं पाणी जोरात वाहतं, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी मंद असतं. कडक उन्हाळ्यात भांगाच्या दिवसांत उथळ किनाऱ्यावर माझा हात बहुतेक रिकामाच राहिला आहे. ते दिवस मी गाठी बांधण्यात आणि रीळ साफ करण्यात घालवतो. मात्र सगळे समुद्र एकसारखे वागत नाहीत. मेक्सिकोच्या आखाताच्या काही भागांत दिवसाला एकच भरती येते, म्हणून तुमच्या किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच निघा.

दुसरी पायरी: जागा ओहोटीला पाहून ठेवा

उधाणाच्या ओहोटीला पाणी सगळ्यात खाली जातं. त्या दिवशी गळ घरी ठेवा आणि नुसतं फिरून या. एरवी पाण्याखाली असणारे खड्डे, खडकांच्या कपारी, खाडीच्या मुखाशी वाळूत कोरलेली पाण्याची वाट, सगळं उघडं पडलेलं दिसतं. फोटो काढा आणि भरतीच्या वेळी ओळखता यावं म्हणून काठावरच्या खुणा लक्षात ठेवा.

उन्हाळ्यात भरवशाच्या जागा तीन-चारच. ओहोटी लागली की खारफुटीतून आणि लहान ओहळांतून बारके मासे, कोळंबी पाण्याबरोबर बाहेर ओढली जातात आणि मोठा मासा तोंडाशी टपून बसतो. जिथे लाट खडकावर फुटून फेस होतो, तिथे हवा पाण्यात मिसळते, म्हणून इतरत्र सामसूम असतानाही तिथे हालचाल असते. धक्क्याचे आणि पुलाचे खांब सावली देतात. खांबाजवळ गळ टाकायचा, तर प्रवाहाच्या वरच्या अंगाने टाका आणि आमिष आपोआप वाहत सावलीत शिरू द्या.

सपाट वाळूच्या किनाऱ्यावर लाटा कुठे फुटत नाहीत ते पाहा. फुटणाऱ्या दोन पट्ट्यांमधला काळसर, शांत दिसणारा पट्टा म्हणजे खोल पाणी. मासा तिथूनच ये-जा करतो. पण परतीचा ओढ, म्हणजे पाणी समुद्राकडे खेचून नेणारा प्रवाहही बहुधा तिथेच असतो, त्यामुळे त्यात पाय घालू नका. कधी ओढले गेलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडण्यापेक्षा किनाऱ्याला समांतर पोहून आधी ओढातून बाहेर पडा.

तिसरी पायरी: सामान बेताचं

किनाऱ्यावरून टाकायला ८ ते १० फुटांची काठी, ४००० आकाराचं रीळ आणि १५ ते २० पौंडाची विणीची दोरी पुरते. पुढे दीड-दोन फूट फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरी आणि गळ यांच्यामधला तुकडा लावा. उन्हाळ्यात पाणी नितळ असेल तर साधा तंगूस माशाला दिसतो, फ्लुरोकार्बन त्यामानाने कमी दिसतो आणि खडकावर, कालवांवर घासलं तरी लवकर तुटत नाही. दोरीवर मोकळं सरकणारं शिसं, मग स्विव्हल (पीळ पडू न देणारी फिरती कडी), मग लीडर आणि गळ, अशी साधी मांडणी ठेवा. मासा आमिष उचलतो तेव्हा त्याला शिशाचं ओझं जाणवत नाही. रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा ओढेल तशी दोरी सुटू देणारा ब्रेक, दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतका लावा.

गळ टोक आत वळलेला, म्हणजे सर्कल हुक घ्या. मध्यम माशाला १/० ते ३/० मापाचा चालतो. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो, आत घशात जात नाही.

चौथी पायरी: आमिष जिवंत ठेवा

उन्हाळ्यातला खरा खेळ इथे आहे. बादलीभर जिवंत कोळंबी आणून ती उन्हात ठेवली, तर अर्ध्या तासात निम्मी पालथी पडते. माशांना लागू असलेला प्राणवायूचा हिशेब बादलीलाही लागू आहे, आणि बादलीत पाणी कमी. मी एकदा झाकण घट्ट लावून बादली खडकावर ठेवली होती. उघडली तेव्हा वासावरूनच समजलं.

बादली फिकट रंगाची घ्या, सावलीत ठेवा, ओल्या गोणपाटाने झाका. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप छोटासाच असतो, पण त्याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही. बर्फ थेट पाण्यात टाकू नका, कारण तो वितळला की पाण्याचा खारटपणा मोडतो आणि नळाच्या पाण्यातलं क्लोरीनही उतरतं. बाटलीत बर्फ गोठवून ती बंद बाटली बादलीत सोडा. पाणी बदलताना एकदम सगळं ओतू नका, पाव-पाव भाग बदला. आणि हाव नको. दहा लिटरच्या बादलीत वीस-पंचवीस कोळंब्या बऱ्या जगतात, शंभर जगत नाहीत.

कोळंबी गळाला लावताना डोक्यावरच्या करवतीसारख्या काट्याखालून आडवा गळ घाला. कवचातून आत एक काळा ठिपका दिसतो, तो चुकवा. त्याला गळ लागला की कोळंबी तिथेच मरते. आमिष म्हणून बारका बोय मासा लावायचा असेल तर वरच्या ओठातून किंवा पाठीच्या पराच्या पुढे, कातडीखालून उथळ टोचा.

पाचवी पायरी: टाका, थांबा, गुंडाळा

प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाका आणि दोरी किंचित ताणून आमिष वाहू द्या. तळाला जागच्या जागी पडलेलं आमिष खेकडे संपवतात. टोक ठक-ठक वाजलं की जोरात झटका द्यायची सवय आपल्या हातात मुरलेली असते. सर्कल हुकाला ती मारक आहे, कारण झटक्याने तो तोंडातून निसटून येतो. दोरी ताणली जाऊ द्या आणि सावकाश पण न थांबता रीळ गुंडाळत राहा. गळ आपला आपण रुततो. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

दिवसा फारच तापत असेल तर रात्री जा. धक्क्यावरच्या दिव्याखाली बारके मासे जमतात. शिकारी मासा मात्र उजेडात नसतो, तो उजेड जिथे संपतो त्या काळोखाच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. गळ त्या कडेवरून न्या. डोक्यावरचा दिवा पाण्यावर फिरवू नका.

सहावी पायरी: मासा हातात आल्यावर

सोडायचा असेल तर घाई करा. गरम पाण्यात लांबलेली झुंज माशाला महागात पडते, तो पोहत गेला तरी नंतर मरू शकतो. म्हणून उन्हाळ्यात फार बारीक दोरीची हौस नको. हात ओले करून धरा, तापलेल्या वाळूवर किंवा खडकावर आपटू नका. गळ खोल गेला असेल तर उपसत बसण्यापेक्षा दोरी तोंडाशी कापा. लहान मासे, बंदीचा काळ आणि परवाना यांचे तुमच्याकडचे नियम आधीच विचारून ठेवा.

ठेवायचा असेल तर लगेच बर्फात घाला. दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी यांचा काला नुसत्या बर्फापेक्षा लवकर गार करतो, कारण तो माशाला चहूबाजूंनी चिकटतो. बांगडा, कुपा, सुरमई या जातींत तर हयगय नकोच. उन्हात राहिल्या की त्यांच्या मांसात हिस्टामीन तयार होतं, आणि ते शिजवून किंवा तळून जात नाही. अंगावर पित्त उठतं, तोंड लाल होतं, डोकं ठणकतं.

अंगाची काळजी

टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि तहान लागायच्या आधी पाणी. पोलराइज्ड चष्म्याने डोळे वाचतात आणि पाण्यातलं दिसतंही. उथळ वाळूत चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेलं पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) आधीच निघून जातं. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, जखम बुडवून ठेवा. वेदना उतरते. तरी डॉक्टरकडे जाच, काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

ढग गडगडले तर लगेच काठी खाली ठेवा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि उघड्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच वस्तू तीच असते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आसऱ्यातच थांबा.

घरी आल्यावर रिळावर गोड्या पाण्याची हलकी धार सोडा. जोराच्या फवाऱ्याने मीठ उलट आत जातं. मग वहीत तारीख, भरतीची वेळ, कुठे आणि कशावर लागला ते लिहा. मासा चांगला लागला असेल, तर त्याच ओळीत पंधरा दिवसांनंतरची तारीख टाकून ठेवा आणि गजर आत्ताच लावा.