उन्हाळ्यात डेव्हलपमेंटल बायोलॉजीच्या (भ्रूण कसा वाढतो ते शिकणाऱ्या) लॅबमध्ये जायचंय? मग आधी हात तयार करा

दिवाळी झाली की आपण सगळे सेमिस्टरच्या परीक्षेत अडकतो आणि नेमक्या तेव्हाच समर रिसर्चच्या तारखा निघून जातात, म्हणून पहिलं हेच सांगते, मे-जूनमध्ये लॅबमध्ये बसायचं असेल तर नोव्हेंबरपासून साइट्स बघत राहा. सायन्स अकॅडमींची दोन महिन्यांची समर फेलोशिप आहे, आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्था) व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी संशोधन कार्यक्रम आहे. अमेरिकेत वुड्स होलच्या मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरीत एम्ब्रियोलॉजीचा (भ्रूणशास्त्राचा) सहा आठवड्यांचा कोर्स १८९३ पासून चालू आहे, पण तिथे बहुतेक पीएचडी-पोस्टडॉकवाले जातात, तो पुढच्यासाठी मनात ठेवा.

अर्जात "लहानपणापासून आवड आहे" लिहू नका प्लीज. तुम्ही स्वतः बघितलेली एक गोष्ट आणि त्यावरून पडलेला एक प्रश्न लिहा, एवढं पुरतं. आणि ते बघणं कॉलेजच्या लॅबमध्येही होतं, सरांना किंवा मॅडमना विचारून कोंबडीच्या अंड्यापासून सुरुवात करा.

दुकानातली पांढरी अंडी चालत नाहीत, त्या फार्मवर कोंबडा नसतोच, फलित अंडी हॅचरीतून आणावी लागतात. इन्क्युबेटर ३८ अंशांवर, आत पाण्याचं भांडं, अंडी आडवी ठेवायची आणि वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करायची कारण भ्रूण तरंगत वर येतो. ४८ तासांनी रुंद टोकाला बारीक भोक पाडून सिरिंजने २-३ मिली पांढरं काढून घ्या, म्हणजे बलक खाली बसतो आणि भ्रूण कवचापासून सुटतो. मग खुणेवर सेलोटेप लावून (नाहीतर कवचाचे तुकडे आत पडतात) बारीक कात्रीने खिडकी कापा, कात्रीचं टोक कायम वरच्या बाजूला. मी पहिल्यांदा टोक खाली केलं, पडदा फाटला, बलक सगळीकडे पसरला आणि त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं होतं. दुसऱ्या अंड्यात मात्र लाल रेघांच्या जाळ्यात मधोमध एक ठिपका धडधडताना दिसला, तो बघून मी कितीतरी वेळ काही बोललेच नाही.

आता नुसते तास लिहून थांबू नका. अंडं किती दिवस पडून होतं, तापमान किती होतं, यावर वाढ पुढेमागे होते, म्हणून न्यूरल ट्यूबच्या (जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात त्या नळीच्या) दोन बाजूंचे सोमाइट, म्हणजे जोडीजोडीने दिसणारे छोटे ठोकळे, मोजा आणि कोंबडीच्या भ्रूणाच्या वाढीच्या हॅम्बर्गर-हॅमिल्टनच्या १९५१ च्या ४६ स्टेजेसशी ताडून बघा. हृदय साधारण दहाव्या स्टेजला धडधडायला लागतं, तेव्हा सोमाइटच्या दहा जोड्या असतात. मोजा, चित्र काढा, मोबाइलचा फोटो नंतर. चित्र काढताना जे दिसतं ते फोटो काढताना दिसत नाही, हे माझं ठाम मत आहे.

फळमाश्यांची (ड्रोसोफिला) लॅब मिळाली तर क्रॉससाठी, म्हणजे ठरवलेल्या नर-मादीची जोडी लावायला, व्हर्जिन (अजून नराशी न जुळलेल्या) माद्या लागतात. २५ अंशांवर कोशातून बाहेर आल्यावर साधारण ८ तासांत मादी वेगळी करावी लागते, आता कल्याण-विरारहून येणाऱ्याने रात्री परत कसं यायचं? संध्याकाळी निघताना व्हायलमधल्या (माश्या वाढवायच्या छोट्या बाटलीतल्या) कोशातून बाहेर आलेल्या सगळ्या माश्या काढून टाका आणि व्हायल १८ अंशांवर ठेवा, तिथे जवळपास १६ तास मिळतात, म्हणजे सात वाजता निघालात तर सकाळी दहाला आरामात पोचता. तरीही प्रत्येक मादीचं पोट बघाच, ताज्या मादीचा रंग फिका असतो आणि पोटात एक गडद ठिपका दिसतो. जूनमध्ये पाऊस लागला की एखाद दिवशी ट्रेन बंद पडणारच, त्यामुळे लॅबमधल्या एकाला आधीच सांगून ठेवा की मी अडकले तर माझ्या व्हायल्स बघशील, आणि त्याच्या बघायची तयारी तुम्हीही ठेवा.

आठ आठवडे म्हणजे खरं तर पाचच, पहिले दोन हात बसायला आणि शेवटचा लिहायला जातो. म्हणून पहिल्याच आठवड्यात गाइडशी बसून प्रश्न लहान करून घ्या, "हृदय कसं बनतं" नाही, "तापमान दोन अंशांनी कमी केलं तर ४८ तासांना सोमाइट किती कमी होतात" असा. फसलेली अंडीसुद्धा तारखेसकट वहीत लिहा, किती फसली आणि कुठल्या पायरीवर. शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझ्या वहीतलं तेच पान सगळ्यात जास्त वेळ बघितलं गेलं होतं.