ठाण्याहून मॉरिशसमधल्या शामारेलच्या धबधब्याला: दिवस कसा आखावा

येऊरचा किंवा खारघरचा काळा कातळ (बेसाल्ट) आणि मॉरिशसचा कातळ एकाच कुळातले. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त ठिकाणातून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच ठिकाणावर फार नंतर, ८०-९० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस बेट तयार झालं. दगड ओळखीचा असला तरी ऋतू मात्र उलटे आहेत, आणि बेत फसतो तो इथेच.

तिथे जोरदार पाऊस जानेवारी ते मार्च. ऑक्टोबर सगळ्यात कोरडा, त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर धार बारीक झालेली असते. फेब्रुवारीत पाणी भरपूर, पण चक्रीवादळाचा इशारा आला की सगळं बंद. मुलांच्या सुट्ट्या पाहता मे महिना उत्तम: वादळांचा काळ बहुतेक सरलेला, डोंगरात पाणी अजून टिकून आणि हवा सुखद.

मुंबईहून थेट विमानाने सहा तासांच्या आसपास लागतात. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भारतीय पर्यटकांना आधी व्हिसा काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग कागदावर जवळ ठेवा. ताजी फळं, बिया, रोपं नेऊ नका. फराळ पाकीटबंदच न्या. चलनाचं नावही रुपयाच, म्हणून भाव विचारताना कुठला रुपया ते स्पष्ट करून घ्या.

शामारेल बेटाच्या नैऋत्येला आहे. बस कमी असल्याने दिवसभराची टॅक्सी ठरवलेली बरी. स्वतः गाडी चालवायची असेल तर ठाणे किंवा वाशी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवा. तो एक वर्ष चालतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून.

आता मुख्य गोष्ट, क्रमाची. नेहमीच्या सहलीत आधी गंगा तलाव (तिथल्या हिंदूंचं पवित्र सरोवर) आणि ब्लॅक रिव्हरची दरी, आणि शामारेल शेवटी, दुपारी. तेव्हा बसगाड्यांची गर्दी असते आणि डोंगरावर ढगही जमलेले असतात. ड्रायव्हरला आदल्या दिवशीच सांगा: आधी शामारेल, मग गंगा तलाव. (त्याचे पूर्वज कोकणातले निघाले तर नवल नको, तिथे मराठी वंशाचे लोक बरेच आहेत आणि गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते.) किनाऱ्यावरच्या काझ नोयालहून वर चढणारा रस्ता तीव्र वळणांचा आहे. चढताना खालच्या गिअरमध्ये राहा. ज्यांना गाडी लागते त्यांनी पुढे बसावं आणि नाश्ता हलका करावा.

सप्तरंगी मातीच्या उद्यानाच्या दारातच तिकीट मिळतं. धबधबा आणि रंगीत माती दोन्ही त्यातच. आत शिरल्यावर धबधबा आधी लागतो. पाणी सुमारे १०० मीटर सरळ खाली पडतं, म्हणजे घोडबंदर रोडवरच्या तीस मजली टॉवरएवढं. गाडीतळाजवळून समोरून दिसतंच, पण पायऱ्या चढून वरच्या कठड्यापर्यंत जरूर जा. कातळात एकावर एक बसलेले लाव्हाचे थर तिथून नीट दिसतात. धुकं आलं तर लगेच परत फिरू नका. वारा फिरला की पडदा सरकतो, पंधरा-वीस मिनिटं थांबा.

कठडा ओलांडून फोटो काढायचा मोह आवरा. शेवाळलेल्या बेसाल्टवर रबरी चप्पल क्षणात सटकते, हे आपल्याकडच्या प्रत्येक पावसाळ्यात दिसतं. खालच्या कुंडापर्यंत जायचं असेल तर स्थानिक गाइड घ्या, पकड असलेले बूट घाला, आणि वरच्या डोंगरात पाऊस चालू असेल तर जाऊच नका. तुमच्या डोक्यावर ऊन असतानाही वरून लोंढा येऊ शकतो.

रंगीत माती गाडीने पाच मिनिटांवर आहे. बेसाल्ट झिजून त्यातलं लोह आणि अॅल्युमिनियम मागे राहिलं, त्यातून हे लाल, तपकिरी, जांभळे पट्टे तयार झाले. त्यावर चालायला मनाई आहे, आणि मुलांनी खिशात मूठभर भरून घेऊ नये.