कळलावी लावायची तर आधी एवढं करून ठेवा

कळलावी ही रानवेल घरी लावायची असेल तर तयारी आदल्या पावसाळ्यातच सुरू करा, कारण तिची खात्रीची ओळख पटते ती फुलावरून. जुलै ते सप्टेंबर या दिवसांत गवताळ उतारांच्या कडेने, बांधावरच्या झुडपांत शोधा. कळी हिरवट, उमलताना पिवळी, मग केशरी आणि शेवटी लालभडक. सहाही पाकळ्या मुरडलेल्या आणि ज्वाळेसारख्या वर उलटलेल्या, म्हणून तिला अग्निशिखाही म्हणतात. फूल नसेल तर पानाचं टोक बघा: ते लांबत लांबत दोऱ्यासारखं होतं आणि शेजारच्या काडीला विळखा घालतं. या टोकांच्या आधारानेच वेल वर चढतो.

रानात दिसली की फोटो काढा, पण उपटू नका. कंद रोपवाटिकेतूनच घ्या.

त्याआधी घरातल्यांना नीट सांगून ठेवा की हे झाड मुळापासून बीपर्यंत विषारी आहे. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं आणि कंद सर्वांत घातक. प्रसूतीच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी कंदाचा लेप लावत, त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. तसला प्रयोग कुणीही करू नये. लहान मूल किंवा गुरं हाताळतील अशा जागी लावू नका. चुकून पोटात गेलंच तर उलटीची वाट न बघता थेट दवाखाना गाठा. हातमोजे खरेदीच्या यादीत सर्वांत वर लिहा.

मे महिन्यात कंद हातात आला की तो निरखून पाहा. नांगरासारखा वाकडा असतो, संस्कृतात लांगली म्हणतात ते उगीच नाही. दोन्ही फाट्यांच्या टोकाला एकेक डोळा असतो आणि सगळा जीव त्या डोळ्यात. माझ्या पहिल्या कंदाची दोन्ही टोकं पिशवीत मोडली होती. मी तसाच लावला आणि पावसाळाभर कुंडीत काही उगवलं नाही, फार वाईट वाटलं. बियांपासूनही येते, पण फुलं यायला तीन-चार वर्षं लागतात.

बारा इंची कुंडी, तळाला मोठं भोक, मातीत निम्मी वाळू आणि थोडं शेणखत पुरे. मृगाच्या सुमारास कंद आडवा, दोन-तीन बोटं खोल ठेवा. आधारासाठी जाड बांबू रोवाल तर फसाल, पानाच्या टोकाला तो कवेत घेता येत नाही. सुतळी ताणा किंवा करवंदीच्या वाळक्या काटक्या खोचा. ऊन भरपूर हवं, पाणी मात्र साचू देऊ नका.

पावसाळा सरला की पानं पिवळी पडतात. वेल मेला असं समजून कुंडी ओतू नका, जुन्या कंदाच्या जागी नवा तयार झालेला असतो. पाणी बंद करा, कुंडी पावसाच्या सरींपासून दूर कोरडी ठेवा आणि तिच्यावर रंगाने ठळक लिहा: ‘कळलावी, विषारी’. रिकामी समजून कुणी ती उकरली तर हा कंद रताळं म्हणून स्वयंपाकघरात जाऊ शकतो.