मातीतली बाईक रेसिंग: सुरुवात कुठून करावी?

मातीत बाईक पळवायची हौस आली की मंडळी थेट शोरूम गाठतात. बाईक शेवटी बघा. आधी खेळ ठरवा, कारण प्रत्येक प्रकारात जिंकण्याचा अर्थच वेगळा आहे.

पहिलं काम, एखादी रेस समोर उभं राहून बघा. मोटोक्रॉस लगेच कळतं: चढ-उतारांचा मातीचा ट्रॅक, सगळे एकदम सुटतात, आधी पोहोचेल तो जिंकतो. जागतिक स्पर्धेत ३० मिनिटं अधिक २ लॅप अशा दोन रेस होतात. लोखंडी गेट पडलं की सगळा घोळका एकाच वळणाकडे झेपावतो. तिथून पहिला बाहेर पडणाऱ्याला मोकळा ट्रॅक, बाकीच्यांच्या गॉगलवर चिखल. सुपरक्रॉस हे त्याचंच स्टेडियममधलं रूप. माती आणून उंच, लागोपाठ उड्या रचलेल्या असतात. जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला अशी लीग रंगली होती.

एन्ड्युरोत जंगल, ओढे, दगडधोंडे, लढत घड्याळाशी. रॅली-रेड या अनेक दिवसांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत रोडबुक, म्हणजे वाटेच्या खुणांची नोंद, वाचत वाटही शोधावी लागते. तिथे नुसता वेग पुरत नाही. २०१५ मध्ये सी. एस. संतोष यांनी डकार ही जगप्रसिद्ध रॅली-रेड पूर्ण केली, तेव्हा ती पूर्ण करणारे ते पहिले भारतीय ठरले.

ट्रायल्समध्ये वेगाला किंमतच नाही. दगडांवरून तोल सांभाळत जायचं. एकदा पाय टेकला की १ दंडगुण, सेक्शन, म्हणजे अडथळ्यांचा ठरलेला टप्पा, पार झालाच नाही तर ५. पुढे कुठल्याही प्रकारात जा, सरावाची सुरुवात अशाच संथ तोलाने करा, असा माझा आग्रह आहे.

मग मोकळ्या मैदानात, जाणत्या माणसाच्या नजरेखाली, फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांड्यांवर, उभे राहा. गुडघ्यांनी टाकी पकडा, कोपरं बाहेर, नजर चाकावर नाही तर पुढच्या वळणावर. क्लचवर एक-दोन बोटंच. वळणात बसावं लागलं तर टाकीजवळ सरका आणि आतला पाय पुढच्या चाकाच्या दिशेने सोडा; मागे राहिला तर मातीत अडकून गुडघा पिरगळतो.

पैसे आधी हेल्मेट, गॉगल, उंच बूट, नी-गार्ड आणि चेस्ट प्रोटेक्टरवर घाला. बूट तर आधीच. साध्या बुटांत घोटा वाचत नाही. त्यानंतर बाईक: नवख्याला ४५० सीसीची मोटोक्रॉस बाईक आवरत नाही, नॉबी, म्हणजे मातीत पकड घेणारे जाड गोट्यांचे टायर घातलेली २०० सीसीची हलकी ड्युअल-स्पोर्ट (रस्ता आणि माती दोन्हींवर चालणारी) बाईक पुरते. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं झालं की एफएमएससीआय या देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचं लायसन्स काढा.