चीता, कारगिल आणि वजनाचा हिशोब : हेलिकॉप्टर वैमानिक होऊ पाहणाऱ्यांसाठी

२०१९ च्या महापुरात शिरोळ तालुक्यावर फिरणारी हेलिकॉप्टर ज्या मुलांनी घराच्या गच्चीवरून पाहिली, ती आता कोल्हापुरातल्या अकादम्यांमध्ये एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, तयारी करताना भेटतात आणि कारगिलविषयी विचारतात. त्यांचे प्रश्न बहुधा शौर्याचे असतात. माझी उत्तरे मात्र वजन, तापमान आणि उंची यांच्याकडे वळतात, कारण १९९९ च्या उन्हाळ्यात नवखा फ्लाइंग ऑफिसर म्हणून मी चीता हे हवाई दलाचे हलके हेलिकॉप्टर चालवत होतो तेव्हा माझे डोके बहुतेक वेळ त्याच हिशोबात गुंतलेले असे.

प्रवेशाची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बारावीनंतर एनडीए किंवा पदवीनंतर एएफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा हे दोन मुख्य मार्ग आहेत. दोन्ही परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि हवाई दलासाठी बारावीला गणित व भौतिकशास्त्र असावेच लागते. एनडीएचे दरवाजे २०२२ पासून मुलींनाही उघडे झाले आहेत. अर्थात त्याच्याही आधी, कारगिलच्या वेळी, गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन या महिला अधिकारी चीता चालवत होत्या. लेखी परीक्षेनंतर होणाऱ्या एसएसबीच्या, म्हणजे सेवा निवड मंडळाच्या, मुलाखतीला मराठी माध्यमातली मुले इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसतात, हे मी वारंवार पाहतो. साध्या, लहान वाक्यांत मुद्दा मांडणारा उमेदवार तेथे चालतो, गप्प बसणारा चालत नाही. वैमानिकाची अभियोग्यता तपासणारी चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे तिच्या आदल्या रात्री जागरण करू नये. पायांची लांबी, बसल्यावरची उंची आणि रंगदृष्टी यांची तपासणी अकादमीची फी भरण्यापूर्वीच करून घ्यावी. तालमीत कमावलेले शरीर ही मोठी गोष्ट आहे, पण या मापांपुढे त्याचा उपयोग होत नाही.

हैदराबादजवळच्या दुंडिगल येथील हवाई दलाच्या अकादमीत मूलभूत उड्डाण शिकल्यावर फायटर, ट्रान्सपोर्ट आणि हेलिकॉप्टर अशी विभागणी होते. हेलिकॉप्टर मिळाले की अनेकांचे चेहरे उतरतात. त्या दिवशी माझाही उतरला होता. पुढे हकिमपेटला चेतक हेलिकॉप्टरवर शिकताना, जमिनीपासून थोड्याशा उंचीवर यंत्र एका जागी स्थिर ठेवण्याच्या खटपटीत, ती खंत कुठल्या कुठे गेली.

आता मुख्य विषयाकडे येतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, कारगिलच्या युद्धभूमीतले द्रास तीन हजार दोनशे मीटरच्या वर आहे आणि लढाई चालली होती ती त्याहूनही हजार-दीड हजार मीटर वरच्या शिखरांवर. तिथली हवा विरळ असल्याने रोटरची पाती तेवढ्याच फेऱ्यांत कमी उचल देतात आणि इंजिनाची ताकदही घटते. ऊन चढले की हवा आणखी विरळ होते. उसाच्या ट्रॉलीवर चार मोळ्या जास्त टाकल्या तरी ट्रॅक्टर कण्हत कण्हत कारखान्यापर्यंत पोहोचतो, पण हेलिकॉप्टरला अशी सवलत नसते. म्हणून इंधन जाऊन-येऊन पुरेल एवढे आणि थोडे राखीव इतकेच घ्यायचे, नको असलेली प्रत्येक वस्तू तळावर उतरवून ठेवायची आणि शक्य तितके उड्डाण सकाळी, वारा सुटण्याआधी उरकायचे, असा शिरस्ता होता. चीतामध्ये दोन वैमानिकांखेरीज तिघे बसू शकतात, परंतु उंचावरच्या हेलिपॅडवरून अनेकदा एकच जखमी आणता येत असे. आधी कोणाला न्यायचे हे तिथला डॉक्टर ठरवी. किती जणांना न्यायचे हे मात्र आम्हाला सांगावे लागे, आणि ते रोटर चालू ठेवूनच, कारण त्या उंचीवर बंद केलेले इंजिन पुन्हा सुरू होईलच याची खात्री नसे. स्ट्रेचरजवळ उभ्या असलेल्या जवानांकडे पाहत ‘एकच’ असे बोट दाखवणे मला त्या युद्धातले सर्वांत कठीण काम वाटले. तरीही तिथे भावनेच्या भरात दुसऱ्या जखमीला आत घेणारा वैमानिक सगळ्यांचाच जीव धोक्यात घालतो, हे प्रशिक्षणातच मनावर बिंबलेले असावे लागते.

२८ मे रोजी द्रासजवळच्या तोलोलिंग शिखरापाशी आमचे एमआय-१७ हेलिकॉप्टर खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातले चौघेही हुतात्मा झाले. त्यानंतर सशस्त्र हेलिकॉप्टर हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आली, मात्र जखमी आणण्याचे आणि टेहळणीचे काम चीतावर तसेच चालू राहिले. आमच्या चीतावर शस्त्र नव्हते. डोंगराच्या आडोशाने, नाल्याच्या पोटातून खाली-खाली जाणे एवढाच बचाव होता, आणि त्यासाठी नकाशा तोंडपाठ असणे भाग होते, कारण वरून सगळ्या डोंगरधारा सारख्याच दिसतात आणि चुकीच्या खिंडीतून वळलेला वैमानिक क्षणात नियंत्रण रेषेपलीकडे असतो. संध्याकाळी मी उद्याच्या मार्गावरचा प्रत्येक नाला, प्रत्येक पूल कागदावर न पाहता काढून बघत असे. भूगोलाच्या तासाला समोच्च रेषांचा कंटाळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

बाकीचे दिवस फारसे रोमांचक नसत. पहाटे अंधारात उठणे, हवामानाची वाट पाहणे, पुन्हा वाट पाहणे, दुपारी तंत्रज्ञांबरोबर यंत्राची तपासणी आणि अंधार पडताच झोप. तंत्रज्ञांशी नीट वागणारा वैमानिक सुखी राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे. घरच्यांचे हाल अधिक होते. कारगिल दूरचित्रवाणीवर दिसत होते, आणि ‘हेलिकॉप्टर पाडले’ हे शब्द कानावर पडल्यावर आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात एमआय-१७ आणि चीता यांतला फरक सांगणारे कोणीच नव्हते. मला एसटीडीवरून फोन करता आला तो बऱ्याच उशिरा. आईने आवाज ऐकला, ‘जेवलास का रे?’ एवढेच विचारले आणि फोन अण्णांच्या हाती दिला. म्हणून प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला मी सांगतो की आपण कोणते विमान चालवतो, वाईट बातमी आली तर ती सैन्याकडून कोणत्या रीतीने कळवली जाते आणि अनेक दिवस फोन न येणे याचा अर्थ काय, हे घरी शांततेच्या काळातच समजावून ठेवावे. आजही, मोबाइल असूनही, मोहिमेच्या काळात तो वापरता येईलच असे नाही.

पुढच्या आयुष्याचा विचार करणेही गैर नाही. एएफकॅटने वैमानिक झालेल्यांची सेवा चौदा वर्षांची असते आणि त्यानंतर मुंबईजवळच्या समुद्रातील तेलविहिरींवर कर्मचारी ने-आण करणाऱ्या नागरी हेलिकॉप्टर सेवेत अनेकजण जातात. त्यासाठी डीजीसीएचा, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, व्यावसायिक परवाना लागतो. त्याच्या लेखी परीक्षा सेवेच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत, नेमणूक शांत ठिकाणी असताना देऊन टाकाव्यात आणि उड्डाणांची नोंदवही पहिल्या दिवसापासून सुवाच्य अक्षरात, वरिष्ठांच्या सहीसह पूर्ण ठेवावी.